बालवीरांचे वर्ष, अथवा पुढल्या ऋतूची सिद्धता

सदैव तयार असावे हे बालवीरांचे ब्रीद होय. शाळेतील प्रत्येक स्काऊट व गाइड ते तोंडपाठ म्हणून दाखवितो. परंतु कशासाठी तयार, असे विचारले असता पुष्कळ मुले गोंधळून जातात. आणि कित्येक ठिकाणी खरे उत्तर असे निघते की, सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी. त्या दिवशी गळ्यातील रुमाल पेटीतून बाहेर येतो, पाहुण्यांस मानवंदना दिली जाते, आणि सायंकाळी तोच रुमाल घडी होऊन पुन्हा पेटीत जातो, तो पंधरा ऑगस्टपर्यंत. ह्यात मुलांकडे दोष नाही. तयारी ही वर्षातून दोन दिवसांची नसून बारा महिन्यांची आहे, हे त्यांस कोणी दाखवून दिलेले नसते.

शेतकऱ्यास ही गोष्ट शिकवावी लागत नाही. तो वैशाखातच औत दुरुस्त करितो, बी निवडून ठेवितो, बांध घालितो. मृगाचा पाऊस पडू लागल्यावर जो सुताराकडे धावतो त्यास गाव हसते. बालवीराच्या शिक्षणालाही हाच नियम लागू आहे. ज्या ऋतूत संकट येते त्या ऋतूत त्याची विद्या शिकावयास वेळ उरत नाही. ती मागल्या ऋतूत शिकावी लागते. प्रस्तुत पाठात आपण हे कार्य कोठून आले हे थोडक्यात पाहू, आणि मग तिन्ही ऋतूंत पथकाने काय शिकावे ह्याचा क्रमाने विचार करू.

१. हे कार्य कोठून आले

बेडन-पॉवेल ह्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी इंग्लंडात झाला. ते सैन्यात अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग शहराला १८९९ साली वेढा पडला व तो २१७ दिवस टिकला. त्या काळात शहरातील मुलांनी निरोप पोहोचविण्यासारखी कामे धैर्याने केली. मुलांवर विश्वास टाकिला तर ती जबाबदारी पेलतात, हा धडा त्यांच्या मनात राहिला. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी ब्राउन्सी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती आणि कामकऱ्यांचीही मुले होती. त्यांच्या चार टोळ्या करून सर्वांस एकत्र जेवू-खाऊ घातले व एकत्र काम दिले. १९०८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि थोड्याच वर्षांत हे कार्य देशोदेशी पसरले.

हिंदुस्थानात पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे निघाले, व मुलींचे पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे. परंतु आरंभी ही दारे युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. हे अनेकांस रुचले नाही. १९१६ साली ॲनी बेझंट ह्यांनी मद्रास येथे हिंदी मुलांसाठी निराळी संस्था काढिली. आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांनी सेवा समितीच्या नावाने उत्तरेत तेच कार्य उभे केले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. आपल्या पुण्यातही १९६६ सालापासून ‘संगम’ नावाचे मुलींच्या जागतिक संघटनेचे केंद्र आहे, आणि देशोदेशीच्या मुली तेथे एका छपराखाली राहिल्या आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या कार्याचा आरंभ श्रीमंत व गरीब मुलांस एकत्र आणून झाला, त्यात पुढे एकदा भेद शिरला, आणि तो काढून टाकण्यासाठी मोठ्या माणसांस झटावे लागले. आपल्या पथकात तो पुन्हा शिरू नये, ह्याविषयी शेवटी बोलू.

२. उन्हाळा: पाण्याची विद्या

मार्च ते मे हे महिने पावसाळ्यासाठी आहेत, असे समजावे. पाऊस सुरू होताच ओढे भरतात, विहिरी तोंडापर्यंत येतात, आणि दर वर्षी कोठे ना कोठे मूल बुडाल्याची वार्ता येते. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, पुष्कळदा वाचवावयास उडी घेणाराही परत येत नाही. म्हणून पथकातील प्रत्येक मुलास पहिला धडा हा द्यावा की, बुडणाऱ्यामागे उडी घालू नये. काठावर पालथे पडून लाठी, बांबू अथवा फांदी पुढे करावी. ती न पोहोचल्यास दोर फेकावा. दोर नसल्यास पातळ, धोतर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. आणि मोठ्याने हाका मारून माणसे गोळा करावीत. बुडणारा मनुष्य भीतीने जो हाती लागेल त्यास मिठी मारितो, आणि चांगला पोहणाराही त्या मिठीतून सुटत नाही. येथे संयम हेच शौर्य होय.

दोराच्या टोकास न सरकणारा फास कसा बांधावा हे मुलांस डोळे मिटूनही यावे. हा फास काखेखाली घातला तर ओढताना आवळत नाही. सरकफासाने मात्र छाती आवळली जाते. बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी रीत घातक आहे, कारण तीत वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया पुस्तकातून येत नाही. आरोग्य केंद्रातील जाणत्या माणसास पथकात बोलावून ती शिकून घ्यावी. वाहते पाणी सहा इंच खोल असले तरी माणसाचा पाय उखडू शकते; म्हणून फरशीवरून पाणी जात असता पलीकडे शाळा असो की घर असो, थांबणे हाच नियम.

सर्पदंशाचा धडाही पावसापूर्वीच संपवावा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार विषारी सर्पांपासून विशेष भय आहे, आणि रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस ह्या चौघांच्या विषावर चालते. दंश झालेल्यास धीर द्यावा, चालू देऊ नये. बांगड्या, अंगठ्या, तोडे काढावेत. हात किंवा पाय लाकडी पट्टीस बांधून स्थिर ठेवावा, आणि विलंब न करिता रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, वर आवळून दोरी बांधू नये, सर्प मारून बरोबर आणण्यात वेळ घालवू नये. मांत्रिकाकडे गेलेला एक तास पुढे कशानेही भरून येत नाही.

विजेचा नियम सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीसच्या आत आवाज आला तर संकट जवळ आहे, पक्क्या घरात जावे. झाडाखाली कधीही उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

३. पावसाळा: छपराखालची तयारी

जून ते सप्टेंबर ह्या काळात पुष्कळ पथके निजतात. वास्तविक हाच काळ हिवाळी शिबिराच्या तयारीचा आहे. शाळेच्या ओसरीत बसून बांबूस बांबू बांधण्याच्या गाठी, गावाचा नकाशा काढणे, होकायंत्र वाचणे, व चुलीवर दहा जणांचा भात शिजविणे, ही कामे शिकावीत. गळ्यातील रुमाल हा शोभेचा नाही; त्याची झोळी करून मोडलेला हात गळ्यात कसा अडकवावा, हे प्रत्येकाने करून दाखवावे. १ ऑगस्ट रोजी ब्राउन्सीच्या शिबिराच्या स्मरणार्थ जगभर रुमाल दिन पाळितात. त्या दिवशी ही परीक्षा घेतल्यास रुमालाचा अर्थ मुलांस कळेल.

ह्याच दिवसांत गढूळ पाण्यामुळे हगवण पसरते. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावे, आणि लहान मुलास लवकर दवाखान्यात न्यावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून प्रमाण पाठ असावे. ज्या मुलीस हे येते ती घरातल्या धाकट्या भावाचा प्राण वाचवू शकते. मग तिच्या बाहीवर बिल्ला असो वा नसो.

झाडे लावणे हा पावसाळ्यातील नेहमीचा कार्यक्रम आहे. पाच रोपे लावून चैत्रापर्यंत पाच जगविणारी टोळी ही पन्नास लावून विसरणाऱ्या टोळीहून श्रेष्ठ मानावी. म्हणून रोपांची मोजणी लावण्याच्या दिवशी न करिता मे महिन्यात करावी.

४. हिवाळा: शिबिर, आणि आग-पाण्याचा हिशेब

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिबिराचा काळ. ७ नोव्हेंबर हा संस्थेचा स्थापना दिन, व २२ फेब्रुवारी हा चिंतन दिन होय. ह्या दोन दिवसांच्या मध्ये दोन-तीन रात्रींचे शिबिर अवश्य व्हावे. तळ उंचवट्यावर असावा, शौचाचा खड्डा पाण्यापासून दूर व उताराच्या बाजूस असावा, पाणी उकळून प्यावे. निघताना शेकोटीवर पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून, हात जवळ नेऊन पाहावे. ऊब लागली तर ती विझलेली नाही.

रात्री ध्रुवतारा शोधावा. मार्गशीर्षात सायंकाळी सप्तर्षी दिसत नाहीत. त्या वेळी उत्तरेकडे शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून ध्रुव ओळखावा. तो क्षितिजावर किती वर आहे हे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतके असते. हात लांब करून मूठ धरिली तर ती सुमारे दहा अंश होते. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा असल्यामुळे तेथे ध्रुव दोन मुठींपेक्षा किंचित खाली सापडेल. रानात वाट चुकलेल्यास ह्याहून स्वस्त यंत्र नाही.

हिवाळ्यातच उन्हाळ्याची तयारी करावी. लाठीवर खुणा कराव्यात, दोरास गाठी माराव्यात, आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली दर महिन्यास गावातील विहिरींच्या पाण्याची खोली मोजून वहीत मांडावी. दोन-तीन वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढे ठेविली तर कोणती विहीर कधी आटते हे आकड्यांनी सांगता येईल. कपड्यास आग लागल्यास धावू नये, खाली पडून लोळावे. भाजल्यावर वीस मिनिटे थंड पाणी सोडावे, शाई किंवा दंतमंजन लावू नये. उष्माघात झालेल्यास सावलीत निजवून अंगावर पाणी शिंपडावे व वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. हे धडे माघात पक्के झाले म्हणजे चैत्र सुखाने येऊ द्यावा.

५. पथक चालविणाऱ्यांस दोन शब्द

सहा ते आठ मुलांची टोळी व तिचा एक नायक, हा ह्या शिक्षणाचा पाया आहे. शिक्षकच सर्व हुकूम देऊ लागले तर नायक नावाचाच राहतो. भात करपला तरी चालेल, परंतु तो मुलांनीच शिजवावा.

शिबिरास जाताना आईबापांची लेखी संमती घ्यावी. किमान दोन मोठी माणसे बरोबर असावीत, आणि मुली असल्यास स्त्री-शिक्षिका असलीच पाहिजे. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलास एकांतात नेऊ नये. मुलाने तक्रार केली तर ती दडपू नये. पथकाचे नाव जाईल म्हणून गप्प बसणाऱ्याने प्रतिज्ञा मोडिली असे समजावे.

गणवेशाचे पैसे नाहीत म्हणून एखादे मूल मागे राहत असेल तर त्यास रुमाल द्यावा आणि रांगेत घ्यावे. प्रतिज्ञेत ईश्वर हा शब्द आहे; ज्यास रुचेल त्याने त्या जागी धर्म हा शब्द घ्यावा अशी मोकळीक आहे. जेथे प्रतिज्ञेनेच सर्वांस जागा ठेविली, तेथे आपण पंक्तीत जागा न ठेवणे ही लाजेची गोष्ट होय. शिबिरातील पंक्ती एक असावी, पाण्याचा घडा एक असावा, व भांडी घासण्याची पाळी सर्वांस सारखी यावी.

बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात निवर्तले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ व मध्ये एक बिंदू कोरलेला आहे. मार्गचिन्हांत त्याचा अर्थ, मी घरी गेलो, असा होतो. पुढे गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवावी, ही बालवीरांची रीत. आपल्या गावातील मोठ्या मुलांनीही धाकट्यांसाठी अशी खूण ठेवावी: विहिरीपाशी टांगलेला एक दोर, जगविलेले एक झाड, आकडे मांडलेली एक वही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बुडणाऱ्यास वाचविण्याचे उपाय क्रमाने सांगा. उडी घेणे त्यांत का नाही?

२. सर्पदंशाच्या वेळी आपल्या गावात कोणत्या चुकीच्या रीती चालतात? त्या बंद करण्यासाठी तुमची टोळी काय करील?

३. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे? पावसाळ्यात ती वाट बंद झाल्यास दुसरी वाट कोणती?

४. गावातील कोणती मुले अजून पथकात नाहीत? कारण काय? पुढील सभेपूर्वी त्यांपैकी एकास घेऊन या.