आजचं चिंतन : अध्याय १२, श्लोक १८ आणि आमचे आबा



आज बाराव्या अध्यायातला श्लोक १८. योगायोग असा की आजच आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची तिथी आहे. त्यामुळे आजचं चिंतन जरा घरगुती होणार आहे, सांभाळून घ्या.

आधी अर्थ पाहू. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताचं वर्णन करतायत. शत्रू आणि मित्र, मान आणि अपमान, थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख, या सगळ्यांत जो सारखाच राहतो आणि कशात अडकत नाही, तो. थंडी-उन्हाचं आपण एसीवर सोडून देऊ. खरी अडचण पहिल्याच जोडीची आहे. शत्रू आणि मित्र सारखे? कसे काय?

माऊली इथे शब्दांची चर्चा करत बसत नाहीत, सरळ रोजच्या वस्तू दाखवतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असं करत नाही. ऊस वाढवणाऱ्याला गोड लागतो, म्हणून गाळणाऱ्याला कडू लागत नाही. आणि झाड. ज्याने लावलं त्याला आणि जो तोडायला आला त्याला, दोघांवर ते सारखीच सावली धरतं.

आबा या झाडापाशी अडकले होते. बरीच वर्षं.

आबा साताऱ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात लागले. गळ्यात तुळशीची माळ. कुठलीही पाळी असो, आंघोळ करून ज्ञानेश्वरीच्या निदान पाच ओव्या वाचल्याशिवाय चहा नाही. एकादशीला चाळीच्या गॅलरीत भजन व्हायचं. आबा चाल धरायचे आणि पखवाजावर त्यांचे जिवलग मित्र. तीन खोल्या पलीकडे राहायचे. दोघं एकाच गावचे, एकाच खात्यातले. त्या दोघांचं भजन ऐकायला खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन बसायची, असं आजी सांगायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने गेले, गावाकडून येणारं धान्यही आटलं. आणि एका पहाटे पखवाजवाले आजोबा कामावर हजर झाले. आबा गेले नाहीत. तो संप आजपर्यंत रीतसर मागे घेतलाच गेलेला नाही म्हणतात, पण गिरणीचं दार आबांना बंद झालं ते झालंच. आजीचं डोरलं गहाण पडलं, ते सुटलं नाही. माझ्या बाबांची शाळा दहावीला थांबली. आबा एका इमारतीत रात्रीचे वॉचमन झाले.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. चाळीतला अबोला म्हणजे काय, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना कळणार नाही. नळ एक, संडासाची रांग एक, जिना एक. रोज सकाळी हातात बादली घेऊन दोघं एकामागे एक उभे राहायचे आणि एकमेकांच्या डोक्यावरून बघायचे. तेवीस वर्षं! भजन चालूच राहिलं, पखवाजावर दुसरं कोणीतरी बसायला लागलं.

२००५ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो आणि अतिशहाणा होतो. आबांनी हाच श्लोक वाचून पोथीला हात जोडले आणि मी विचारलं, "आबा, मग तुम्ही त्यांच्याशी का बोलत नाही?"

आबांनी पोथी मिटली. त्या दिवशी ते माझ्याशीही बोलले नाहीत. आजीने मला चांगलंच फैलावर घेतलं.

तीन-चार दिवसांनी रात्री गॅलरीत ते आपण होऊन म्हणाले, "झाडाला सोपं असतंय रे. त्याला तोंड नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याची धाकटी पोरगी आजारी होती तवा. औषधाला पैसे नव्हते. म्हणून गेला तो. मला तवाच माहीत होतं."

हे शेवटचं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गैरसमज असता तर सोपं होतं, तो कधीतरी दूर होतो. आबांना सगळं कळत होतं आणि तरी जमत नव्हतं. मला आधी ते ढोंग वाटलं होतं. आज वाटतं, जी ओवी आपल्याला दोषी ठरवते ती रोज न चुकता वाचणं, याला मोठी छाती लागते. मी तर अशा ओव्या स्क्रोल करून पुढे जातो. आमच्या खोलीच्या पैशांवरून चुलतभावाशी मी चार वर्षं बोललेलो नाही, त्याचा नंबर ब्लॉक आहे, आणि हे चिंतन मी लिहितोय.

आणखी एक गोष्ट मला या श्लोकात दिसते. झाडाने घाव विसरावा असं माऊली म्हणत नाहीत. घाव खोडावर राहतो. सावलीचं काम फांद्या-पानांचं आहे, ते चालू राहतं.

पुढे पखवाजवाल्या आजोबांची नजर काचबिंदूने गेली. एका संध्याकाळी आबांनी ज्ञानेश्वरी काखेत मारली, तीन खोल्या चालत गेले, त्यांच्या उंबऱ्यात बसले आणि पहिल्या अध्यायापासून वाचायला लागले. ना माफी, ना संपाची गोष्ट. आजी दारातून बघत राहिली, गॅसवरचं दूध उतू गेलं. मग ते रोजचंच झालं. आबा अंथरुणाला खिळेपर्यंत. २०१२ मध्ये आबा गेले.

दहाव्याला पखवाजवाले आजोबा नातवाचा हात धरून आले. माझा चेहरा हातांनी चाचपला. मी विचारलं, बारावा अध्याय वाचताना आबा काही म्हणायचे का?

म्हणाले, "त्या झाडाच्या ओवीपाशी आला की तुझा आबा थांबायचा. दर खेपेला. मग मीच म्हणायचो, वाच पुढं."