जुनी सूची नव्या प्रणालीत नेताना

रबाळे एमआयडीसीत गोदाम बदलायचे तर आम्ही तागे सरळ टेम्पोत कोंबत नाही. आधी मोजणी होते, कोणता माल कोणत्या मांडणीवर जाणार हे ठरते, मग टेम्पो येतो. संगणकावरील सूचीचे स्थलांतरही असेच असते. परंतु आपले व्यापारी बांधव ते काम पोराटोरांवर सोडून मोकळे होतात.

उदाहरणादाखल जूमला घेऊ. वेबसाइट चालविण्याची ही मोफत प्रणाली २००५ साली मॅम्बो या प्रणालीतून फुटून निघाली. नाव स्वाहिली, मूळ अरबी. (उर्दू पुस्तकांवर 'जुमला हुकूक महफूज' छापतात, तोच हा शब्द. अरब बाजारात घाऊक व्यापारालाही हाच शब्द चालतो!) या प्रणालीला दुकान, अर्ज, चित्रदालन अशा सोयी जोडणारी एक्स्टेन्शन इतर लोक बनवितात व त्यांची एक अधिकृत सूची आहे. प्रत्येक नोंदीत कर्त्याचे नाव, वर्ग, वापरणाऱ्यांचे अभिप्राय आणि ते कोणत्या आवृत्तीवर चालते याची खूण असते.

अशी सूची हलविताना पहिली अडचण वर्गवारीची. २००८ च्या १.५ आवृत्तीत मजकुरासाठी विभाग व त्याखाली वर्ग अशा दोनच पायऱ्या होत्या. २०११ च्या १.६ आवृत्तीने विभागच काढले आणि वर्गात वर्ग, हवे तितके, आणले. त्यामुळे नुसती कळ दाबून भागले नाही. मजकूर उचलून नव्या रचनेत बसवावा लागला. जुना वर्ग नव्या कोणत्या वर्गात जाणार, हा तक्ता आधी कागदावर करावा.

दुसरी अडचण अक्षरांची. युनिकोड आणि उजवीकडून लिहिण्याच्या लिपींची नीट सोय १.५ पासून झाली. त्याआधीचा मजकूर तसाच उचलला तर उर्दू नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

कर्त्याचे खाते आणि ग्राहकाचा अभिप्राय ही तर आपल्याकडची अमानत. एकाचा अभिप्राय दुसऱ्याच्या मालाला चिकटला तर तो अन्याय होय. नोंदीचा जुना पत्ताही नव्या पत्त्याकडे वळता करावा लागतो. आमच्या कापडाच्या यादीत हेच राहून गेले. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेले पत्ते उघडेनात. दोघांनी तर आम्ही धंदा गुंडाळला असे समजून माल दुसरीकडून उचलला.

सूची चालविणारे सॉफ्टवेअर हेही बहुधा एक एक्स्टेन्शनच असते. ते नव्या आवृत्तीवर चालते का, हे सर्वांआधी विचारावे. म्हणून चालढकलही परवडत नाही : जूमला ३ च्या सुरक्षा दुरुस्त्या मोफत मिळणे १७ ऑगस्ट २०२३ रोजी थांबले.

पूर्ण प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या जागी उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे न वटणारा चेक. स्थलांतराच्या दिवशी नव्या नोंदी घेणे बंद ठेवावे. नंतर वर्गवार मोजणी करावी, आणि जुने-नवे आकडे जुळेपर्यंत जुनी सूची पुसू नये.