हॉट प्रोसेस साबण: पहिली बॅच आणि तिचा हिशोब

साबण कसा शिजतो ते व्हिडिओत बघितलंत. आता वजनं आणि हिशोब वहीत उतरवून घ्या.

कोल्ड प्रोसेसचा साबण ४ ते ६ आठवडे सुकवावा लागतो, तोवर तुमचं भांडवल फळीवर अडकतं. हॉट प्रोसेसमध्ये तेल आणि कॉस्टिकची प्रक्रिया आचेवरच पूर्ण होते. १-२ आठवडे सुकवलं की साबण वापरायला तयार.

साहित्य
- खोबरेल तेल ६०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम
- कॉस्टिक सोडा १५४ ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर ३८० ग्रॅम (टँकर-बोअरचं जड पाणी नको)

सगळं काट्यावर मोजायचं, वाटीने नाही. तेल बदललं की कॉस्टिकचं वजनही बदलतं.

कृती
१. हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडा, मुलांना लांब ठेवा. भांडी स्टीलची, ॲल्युमिनियम अजिबात नको.
२. कॉस्टिक पाण्यात टाका. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका, उसळतं.
३. मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात तेलाचं भांडं ठेवा. तेलात कॉस्टिकचं पाणी घालून बासुंदीसारखं दाट होईपर्यंत ब्लेंडरने फिरवा.
४. झाकून मंद आचेवर तासभर शिजवा, अधूनमधून हलवा. मिश्रण व्हॅसलीनसारखं अर्धपारदर्शक झालं पाहिजे.
५. फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गडद गुलाबी झाला तर अजून शिजवा. तरीही तसाच राहिला तर बॅच वापरू नका.
६. थोडं निवल्यावर सुगंध घाला, साच्यात दाबून भरा, दुसऱ्या दिवशी कापा.

हिशोब
ओली बॅच साधारण दीड किलो भरते. १०० ग्रॅमच्या १५ वड्या होतील असं वाटतं ना? इथेच फसगत होते. सुकताना पाणी उडतं आणि वजन घटतं. म्हणून ११५ ग्रॅमच्या वड्या कापा, म्हणजे १३ होतील. तेल, गॅस, रॅपर आणि तुमची मजुरी, सगळा खर्च १३ ने भागा. वजन स्थिर झाल्याशिवाय लेबल छापू नका.

विकण्याआधी
अंगाचा साबण कायद्याने कॉस्मेटिक आहे. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार विक्रीसाठी बनवायला एफडीएचं लायसन्स लागतं. त्यात जागा, यंत्रं आणि तांत्रिक जाणकार यांच्या अटी असतात. नुसती उद्यम नोंदणी पुरत नाही. स्वतःचं युनिट परवडत नसेल तर लोन लायसन्स घेऊन दुसऱ्याच्या लायसन्स असलेल्या कारखान्यात आपला माल बनवता येतो.

ताथवड्यात सोसायट्या आणि हॉस्टेल भरपूर, गिऱ्हाईक दारातच आहे. पण किचनमधली बॅच शिकण्यासाठी, विक्री लायसन्सनंतरच.

या आठवड्याचा गृहपाठ: एक बॅच करा, एका वडीचं रोज वजन करून लिहा. तुमची खरी किंमत त्या आकड्यांतूनच निघेल.