नभोवाणी-साहित्याचा संदर्भ आणि स्थायी दुव्याचा प्रश्न

१. प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अभ्यासात नभोवाणीचे स्थान नेहमीच काहीसे उपेक्षित राहिले आहे. श्रुतिका, नभोनाट्य, संगीतिका, भाषणमाला, रूपके असे अनेक प्रकार या माध्यमाने मराठीला दिले; पण त्यांपैकी जे पुढे छापले गेले तेवढेच अभ्यासाच्या कक्षेत आले. उरलेले हवेत विरले, असे आपण मानत आलो. गेल्या दोन दशकांत ही स्थिती पालटली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी काही आणि नव्या कार्यक्रमांपैकी पुष्कळ आता महाजालावर ऐकता येतात. ऐकता येते त्याचा संदर्भ देता येतो, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका मौखिक परीक्षेचे. देवळाली कॅम्प येथे राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी मराठी श्रुतिकांच्या संवादभाषेचा अभ्यास केला होता. काम मनापासून केलेले होते. परीक्षकांनी तिच्या तळटिपांतील तीन दुवे उघडून पाहिले. पहिला उघडलाच नाही. दुसऱ्याने संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडले. तिसरा उघडला, पण तेथे त्या वेळी चालू असलेले थेट प्रक्षेपण ऐकू येऊ लागले. विद्यार्थिनी खोटे बोलत नव्हती. तिने ते सारे ऐकले होते, टिपून घेतले होते. पण पुरावा उरला नव्हता, आणि ज्या निष्कर्षाचा पुरावा तपासता येत नाही त्याला संशोधनात स्थान नसते. मार्गदर्शक या नात्याने ही चूक तिच्याइतकीच माझीही होती. दुवा कसा निवडावा, हे मी तिला शिकवलेच नव्हते.

२. पत्ता आणि ओळख

मूळ घोटाळा पत्ता आणि ओळख या दोन गोष्टी एक मानण्यात आहे. महाजालावरील दुवा हा बहुधा पत्ता असतो. वस्तू कोठे ठेवली आहे हे तो सांगतो. वस्तू कोणती हे सांगेलच असे नाही. घर बदलले की पत्ता निरुपयोगी होतो, माणूस मात्र तोच असतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण पृष्ठांकाने न देता अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकाने देतो, कारण पृष्ठ हे विशिष्ट मुद्रित प्रतीचे असते आणि ओवी ग्रंथाची असते. तरीही राजवाडे प्रत आणि साखरे प्रत यांतील ओव्यांची संख्या व पाठ सर्वत्र जुळत नाहीत, म्हणून जबाबदार अभ्यासक प्रतीचे नावही नोंदवतो. तुकारामांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. केवळ क्रमांक देऊन आवृत्ती न सांगणारा संदर्भ वाचकाला भलत्याच अभंगाकडे नेतो. आज आपण ज्याला तुटलेला दुवा म्हणतो, त्याची जातकुळी हीच आहे.

देवळाली या नावाचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजीत छावणीचे नाव 'देओलाली' असे वाचता येईल अशा अक्षरांनी लिहिले जाते, तर रेल्वे स्थानकाचे रोमन नाव 'देवलाली' असे आहे. इंग्रज शिपायांनी याच गावाच्या नावावरून वेड लागण्याच्या अर्थाचा 'डूलॅली' हा शब्द आपल्या भाषेत नेला. गाव एकच, त्याची लेखनरूपे अनेक. संकेतस्थळाचा पत्ता रोमन लिपीत तयार होतो तेव्हा यांपैकी कोणते रूप वापरले गेले, यावर तो शोधणाऱ्याला सापडेल की नाही हे अवलंबून असते. पत्त्यात देवनागरी अक्षरे योजली तर निराळीच अडचण येते. युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरचिन्हांनी लिहिला जातो. त्यामुळे सात चिन्हांचा 'देवळाली' हा शब्द त्रेसष्ट चिन्हांचा होऊन बसतो. असा पत्ता हाताने उतरवून घेताना एक चिन्ह चुकले तरी दुवा व्यर्थ ठरतो.

३. दुवे का तुटतात

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात असे मांडले होते की पत्ते आपोआप बदलत नाहीत, ते माणसे बदलतात. संस्थेची पुनर्रचना होते, संकेतस्थळाची बांधणी नव्याने होते, कंत्राट दुसऱ्याकडे जाते, आणि जुने पत्ते मागे राहतात. २०१४ मध्ये जोनाथन झिट्रेन, केंड्रा आल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे ५० टक्के दुवे मूळ मजकुराकडे नेत नसल्याचे आढळले. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'सह तपासलेल्या विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. न्यायनिर्णयांची ही स्थिती असेल, तर आपल्या प्रबंधांची काय असावी याची कल्पना करता येईल.

आपल्याकडील नभोवाणीचा इतिहास हा नामांतरांचाही इतिहास आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'चे केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. २०२३ मध्ये सर्वत्र 'आकाशवाणी' हेच नाव वापरण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे नवे दालन उघडले. वृत्तविभागाच्या संकेतस्थळाचे 'डॉट कॉम' हे अंत्यपद जाऊन तेथे 'डॉट गव्ह डॉट इन' आले. यांतील प्रत्येक बदलामागे प्रशासकीय कारण होते. पण तळटिपेत जुना पत्ता देऊन बसलेल्या अभ्यासकाला त्याची वर्दी कोणी देत नाही.

४. गीतरामायण : एक उदाहरण

दुव्याचा प्रश्न केवळ सोयीचा नसून पाठचिकित्सेचा आहे, हे 'गीतरामायणा'वरून स्पष्ट होते. ग. दि. माडगूळकर यांची ही गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत, आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक आदी अनेक गायकांचे आवाज होते. पात्रागणिक आवाज बदलत होता. म्हणजे त्या रचनेला नाट्याचे परिमाण होते. पुढे सुधीर फडके यांनी सर्व गीते स्वतः गायिली, महाराष्ट्रभर त्यांचे कार्यक्रम झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि लोकमानसात एकाच गायकाचे, कथनपर 'गीतरामायण' रुजले. त्याशिवाय गीतांचा मुद्रित पाठ आहे तो निराळाच.

आता एखादा अभ्यासक 'गीतरामायणातील नाट्यात्मता' या विषयावर लिहितो आणि महाजालावर सहज हाती लागणारा दुवा देतो. बहुतेक वेळा तो फडके यांच्या एकट्याच्या गायनाचा असतो. दुवा शाबूत आहे, उघडतो, ऐकूही येतो. तरीही तो चुकीचा पुरावा आहे, कारण १९५५च्या प्रक्षेपणाविषयीचे विधान पुढच्या काळातील ध्वनिमुद्रणावर उभे केले गेले आहे. तेव्हा दुवा टिकाऊ असणे पुरेसे नाही. तो नेमक्या कोणत्या पाठाचा आहे हे नोंदवणे तितकेच अगत्याचे आहे. नभोवाणीच्या कृतीला मूळ प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण, व्यावसायिक ध्वनिमुद्रिका आणि मुद्रित संहिता अशी किमान चार रूपे संभवतात. त्यांना चार हस्तलिखितांइतक्याच काटेकोरपणे वेगळे ओळखले पाहिजे.

५. स्थायी दुव्याचा शोध

महाजालावरील नभोवाणी-कार्यक्रमाला सामान्यतः चार प्रकारचे पत्ते असतात : थेट प्रक्षेपणाचा, मालिकेच्या पानाचा, विशिष्ट भागाच्या पानाचा आणि ध्वनिफितीच्या संचिकेचा. थेट प्रक्षेपणाचा पत्ता संदर्भासाठी सर्वथा वर्ज्य समजावा; तेथे आज जे ऐकले ते उद्या नसते. मालिकेच्या पानावर नवे भाग येत जातात आणि जुने खाली सरकतात. ध्वनिफितीचा पत्ता अनेकदा तात्पुरता, काही तासांपुरताही असू शकतो. संदर्भयोग्य असतो तो भागाच्या पानाचा पत्ता. अभ्यासकाने प्रथम हे पान शोधावे. 'शेअर' या सोयीतून मिळणारा दुवा बहुधा याच पानाचा असतो; मात्र त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हानंतर, वाचक कोठून आला याची नोंद ठेवणारी चिन्हे जोडलेली असतात. ती वगळून दुवा पुन्हा उघडून पाहावा. यूट्यूबच्या पूर्ण पत्त्यात मात्र प्रश्नचिन्हानंतरच अकरा चिन्हांची चित्रफितीची ओळख असते. ती वगळता कामा नये.

पॉडकास्टच्या बाबतीत आणखी एक आधार असतो. पॉडकास्ट ज्या फीडद्वारे वितरित होतो त्यात प्रत्येक भागाला न बदलणारे ओळखचिन्ह देण्याची तरतूद आहे. ऐकण्याची साधने बदलली तरी हे चिन्ह सहसा तेच राहते. म्हणून एखाद्या खाजगी ॲपमधील दुव्यापेक्षा निर्मात्याच्या स्वतःच्या पानाचा दुवा आणि भागाचे ओळखचिन्ह नोंदवणे श्रेयस्कर.

प्रसारणसंस्थेने ठरवले तर काय होऊ शकते, याचा नमुना बीबीसीने घालून दिला आहे. २००७ पासून तेथे प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र ओळखक्रम आणि त्यावर आधारित पान मिळू लागले. पत्त्यात वाहिनीचे नाव नाही, वेळ नाही, विभाग नाही. केवळ ओळखक्रम आहे. वाहिनी बदलली, वेळ बदलली तरी पत्ता तोच. येथेही एक मर्यादा ध्यानात घ्यावी : अनेक कार्यक्रमांचा ध्वनी ठरावीक मुदतीनंतर काढला जातो, पान मात्र शीर्षक व प्रक्षेपणदिनांकासह उरते. स्थायी पान म्हणजे स्थायी ध्वनी नव्हे.

आपल्या विद्यापीठीय व्यवहारातही ही तत्त्वे परकी नाहीत. शोधगंगेतील प्रबंधांना १०६०३ या उपसर्गाने सुरू होणारे 'हँडल' क्रमांक मिळतात आणि नियतकालिकांतील लेखांना डीओआय मिळतो. दोहोंमागील कल्पना एकच आहे. ओळख कायम ठेवावयाची आणि पत्ता बदलला की मधल्या नोंदवहीत दुरुस्ती करावयाची. नभोवाणी-कार्यक्रमांसाठी मराठीत अशी नोंदवही नाही.

६. अभ्यासकाची जबाबदारी

ती होईपर्यंत अभ्यासकाने स्वतः काही पथ्ये पाळली पाहिजेत. दुवा हा संदर्भाचा एक घटक आहे, संपूर्ण संदर्भ नव्हे. केंद्राचे नाव, कार्यक्रमाचे व भागाचे शीर्षक, लेखक व सादरकर्ते, प्रक्षेपणाचा दिनांक, ऐकलेला पाठ मूळ की पुनःप्रक्षेपित, एकूण कालावधी, उद्धृत अंश कितव्या मिनिटाला व सेकंदाला येतो, आणि दुवा पाहिल्याचा दिनांक, एवढे नोंदवले तर दुवा तुटल्यावरही कृतीची ओळख उरते. दुसरे असे की भागाचे पान इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये त्याच दिवशी जतन करावे आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता मूळ पत्त्यासोबत द्यावा. मात्र त्या प्रतीत ध्वनी वाजतो की नाही हे ऐकून खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळदा पान जतन होते आणि ध्वनी होत नाही.

तिसरे, प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण करण्यास १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमाने मुभा दिली आहे. ते मुद्रण प्रकाशित करता येणार नाही, पण परीक्षकांसमोर पुरावा म्हणून ठेवता येईल. मराठी विभागांनी अशा मुद्रणांची नोंदवही ठेवली आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला, तर त्या विभागापुरती स्थायी ओळख निर्माण होईल. एक जाड वही आणि ती नेमाने भरणारा माणूस, एवढ्यावर हे काम भागते.

७. समारोप

नभोवाणीचे साहित्य श्राव्य आहे म्हणून ते क्षणभंगुर, हा समज आता सोडावयास हवा. सर्व संतवाङ्मय आधी श्राव्यच होते. ते टिकले, कारण कोणीतरी ते उतरवून घेतले, आणि पुढे एकनाथांसारख्याने शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ते काम आपोआप झाले नव्हते. दुव्यांच्या बाबतीतही जबाबदारी यंत्रावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे प्रबंधिका दुरुस्त केली. तीनपैकी दोन श्रुतिका तिला भागाच्या पानांवर पुन्हा सापडल्या. तिसरी सापडली नाही. तिच्यावर आधारलेला परिच्छेद तिने वगळला. तो तिच्या लेखनातील सर्वांत चांगला परिच्छेद होता, असे मला आजही वाटते. पण मी ते म्हणतो यापलीकडे त्याला आता कोणताच पुरावा नाही.