डब्याचं झाकण

अगं, दिवाळीनंतर तुझ्याकडे राहिले होते ना, तेव्हा एका रात्री साडेदहाच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात अंधार होता आणि स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. हळू, चोरटा. मी दारातूनच मागे फिरले. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझ्या घरी चारेक वर्षं तो रोज यायचा, आणि झाकण काढणारी मीच असायचे.

सकाळी तू म्हणालीस, "ताई, जिभेवर ताबाच राहिला नाही गं." जिभेला कशाला बोल लावतेस? माझं ऐक आधी.

मी सेहेचाळीसची होते. लेक शिकायला बाहेरगावी गेलेला, सासूबाई अंथरुणावर, पाळीचा पत्ता नाही. रात्री ओटा पुसून झाला की तिथेच उभ्या उभ्या चिवड्याची एक मूठ, मग दुसरी. आणि वर काय, तर डबा हलवून चिवडा सारखा करायचा, म्हणजे किती कमी झालाय ते कुणाला कळू नये! कुणी विचारणारं नव्हतं, तरी लपवत होते.

एकदा मी स्वतःलाच विचारलं, "आत्ता वरणभात वाढला तर खाशील?" उत्तर आलं, नाही. तेव्हा उमगलं, की भूक पोटाला लागलेलीच नव्हती. पोटाची भूक हळूहळू चढते आणि भाजीभाकरीवर निवते. ही भूक अचानक येते आणि तिला चिवडाच हवा असतो. तूही हा प्रश्न विचारून बघ. उत्तर 'हो' आलं, तर खरंच जेव. 'नाही' आलं, तर दिवसभरात काय सलतंय ते शोध.

सगळं खापर मनावरही फोडू नकोस. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते, पण हार्मोन्सचे हेलकावे त्याआधी काही वर्षं सुरू होतात. रात्री घाम येतो, झोप मोडते. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि 'पुरे' सांगणारं लेप्टिन कमी होतं. इस्ट्रोजेन उतरलं की मांड्यांवर बसणारी चरबी पोटाकडे सरकते. तेच जेवण, तीच तू, पण परकराची नाडी पोटात रुतते. म्हणून आधी रक्त तपासून घे. थायरॉइड आणि साखरेची एचबीए१सी, दोन्ही बघ. एचबीए१सी ५.७ टक्के किंवा त्याच्या पुढे असेल तर डॉक्टरांशी बोल, घाबरून उपास धरू नकोस.

उपास मी करून बघितले. दिवसभर पोट मारायचं आणि रात्री त्याचा वचपा काढायचा, एवढंच झालं. त्यापेक्षा सकाळी मूगडाळीची धिरडी किंवा मटकीची उसळ पोटभर खा. चार-साडेचारला ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. एवढ्याने रात्रीची वखवख निम्मी झाली. चहाचा हिशोब तर मांडूच नये! चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. मी दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेले. आता गोड चहा मलाच पिववत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रात्री ओट्यापाशी उभ्या उभ्या जायचा, त्या अर्ध्या तासात मला कुणी काही मागत नसे. औषध नाही, डबा नाही, "माझा चष्मा कुठंय?" नाही. मला चिवडा नको होता गं, तो अर्धा तास हवा होता! तेव्हा मी अर्धा तास ठेवला आणि जागा बदलली. ओटा यांच्या हवाली केला, पहिले आठ दिवस त्यांच्या पुसण्याकडे डोळेझाक केली, आणि जेवण झालं की चपला घालून खाली फेऱ्या मारायला लागले. आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं म्हणतात. रोज वीस-बावीस मिनिटांत ते भागतं. दोन दिवस पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते, कारण या वयात स्नायूही झिजतात.

चिवडा मी सोडलेला नाही. फक्त वाटीत घेते, दिवा लावते, बसून खाते. लपून खाल्लं की कितीही खाल्लं तरी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

आणि घसरायला होतं हं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या रात्री मी शंकरपाळ्यांचा अर्धा डबा संपवला. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहिले नाही, नेहमीसारखी धिरडी घातली. मात्र असं आठवड्यातून बऱ्याचदा होऊ लागलं, थांबावंसं वाटूनही थांबता येईना, तर समुपदेशकाकडे जा. गुडघा दुखला तर डॉक्टरकडे जातोच ना?

एक चूक माझीही झाली. त्या रात्री मी दारातून परत फिरायला नको होतं. पुढच्या वेळी आले आणि झाकणाचा आवाज आला, तर सरळ आत येईन. तू दिवा लाव आणि दोन वाट्या काढून ठेव.