इंटरनेट कुठे अडले?



आता आपल्या गावातही काही घरांत संगणक आले आहेत. सातबारा बघायचा, दाखल्याचा अर्ज करायचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, तर इंटरनेट लागते. आणि नेमके शेवटच्या तारखेला संगणक म्हणतो, “इंटरनेट नाही.” मग घरात सगळे एकदम बोलायला लागतात. कोणी म्हणते संगणक बिघडला. कोणी म्हणते पोरांनी काहीतरी दाबले. पण शोधत कोणीच नाही. शोधायचे कसे, ते मी या पाठात लिहिले आहे.

आजीची रीत

नळाला पाणी आले नाही तर आजी काय करते? ती आधी आपली तोटी बघते. मग भिंतीवरून शेजारी विचारते, “तुमच्यात पाणी आलं का गं?” शेजारी आले असेल तर दोष आपल्या घरात आहे. शेजारीही आले नसेल तर दोष टाकीत, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीत आहे. तोटी न बघता आजी कधी विहिरीकडे पळत सुटत नाही. आधी जवळचे बघायचे, मग दूरचे. इंटरनेटलाही हीच रीत लागू पडते.

इंटरनेटची वाट

पाणी विहिरीतून टाकीत, टाकीतून पाइपात आणि पाइपातून नळाला येते. तसेच इंटरनेटचे पाच टप्पे आहेत.

१. आपला संगणक.
२. संगणकापासून राउटरपर्यंतची वायर किंवा वायफाय.
३. राउटर, म्हणजे दिवे लुकलुकणारी छोटी पेटी.
४. घराबाहेर जाणारी केबल. तिच्यात काचेचा तंतू असतो. तो मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकाच जाड असतो. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. काचेतून उजेड एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर धावतो.
५. कंपनीचे केंद्र आणि त्यापुढचे जगभरचे संगणक.

या पाचांपैकी एक जरी तुटला तरी आपल्याला दिसते एकच, “इंटरनेट नाही.” म्हणून कुठला टप्पा तुटला ते शोधणे हेच खरे काम आहे.

आता तपासू या

पहिली तपासणी : शेजाऱ्याला विचारणे. घरातल्या मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा आणि तो घरच्या वायफायवर लावा. मोबाइलवर चालते आणि संगणकावर चालत नाही, तर दोष संगणकात किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन्हींवर चालत नाही, तर दोष राउटरपाशी किंवा त्याच्या पुढे आहे. एवढ्या एका तपासणीने निम्मे काम होते. मोबाइलचा डेटा बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर मोबाइल आपल्याच डेटावर चालेल आणि तुम्ही फसाल.

दुसरी तपासणी : वायर आणि वायफाय. वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची पिन असते. तिच्यात आठ बारीक तारा असतात. पिन नीट बसली की ‘टक’ असा आवाज येतो. उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही बघावे. वायफाय असेल तर विमानाचे चित्र असलेले बटण चुकून चालू झालेले नाही ना ते पाहावे. ते चालू असले की वायफाय बंद होते. जाड दगडी भिंतीपलीकडे वायफाय कमी पोचते. अशा वेळी संगणक राउटरजवळ आणून बघावा, नाहीतर वायर लावून बघावी.

तिसरी तपासणी : राउटरचे दिवे. एकही दिवा नसेल तर वीज बघावी, प्लग बघावा. पुष्कळ पेट्यांवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकू लागला की बाहेरून उजेड येत नाही असे समजावे. मग काचेची केबल कुठेतरी तुटली किंवा वाकली असेल. ट्रॅक्टरने ओढली असेल, नाहीतर खोदताना फावडे लागले असेल. ते आपल्याला दुरुस्त करता येत नाही. तक्रार नोंदवावी आणि “लाल दिवा लागला आहे” असे स्पष्ट सांगावे.

चौथी तपासणी : राउटर बंद करून चालू करणे. पेटीची वीज बंद करावी. मनात ३० पर्यंत अंक मोजावेत. मग चालू करून पाच मिनिटे थांबावे. याने पुष्कळदा काम होते, कारण पेटीच्या आतही एक छोटा संगणकच असतो. तो कधी कधी अडकून बसतो आणि नव्याने सुरू झाला की पुन्हा सुरळीत चालतो.

पाचवी तपासणी : हाक मारणे. ही मला सर्वांत आवडते. खिडकीचे चिन्ह असलेले बटण आणि ‘आर’ एकदम दाबावे. मग ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. काळी चौकट उघडते. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की संगणकाचा नंबर दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू झाला तर समजावे की राउटरने संगणकाला नंबरच दिला नाही, म्हणून त्याने आपल्या मनाने एक घेतला. मग पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जावे.

त्याच चौकटीत ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे राउटरचा नंबर असतो. ‘पिंग’ लिहून, जागा सोडून तो नंबर लिहावा. ही झाली राउटरला हाक. राउटरने ओ दिली तर ‘रिप्लाय’ शब्दाच्या चार ओळी येतात. मग ८.८.८.८ या नंबराला हाक मारावी. तो गावाबाहेरचा, दूरचा नंबर आहे. राउटर ओ देतो आणि दूरचा देत नाही, तर दोष घराबाहेर असण्याचा संभव जास्त. दोघेही ओ देतात आणि तरी नाव लिहून पान उघडत नाही, तर दोष नामवहीत असू शकतो.

नामवही म्हणजे काय? आपण मोबाइलमध्ये ‘मामा’ शोधतो, मामांचा नंबर पाठ करत नाही. संगणकाला मात्र नंबरच लागतो. नावावरून नंबर सांगणारी जी वही इंटरनेटवर आहे तिला डीएनएस म्हणतात. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली केली. त्याच वर्षी माइक म्यूस यांनी पिंग तयार केले. दोन्ही गोष्टी आजही वापरात आहेत.

आमच्याकडे काय झाले

ताईच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मला दोनच दिवस उरले होते. संगणकावर एकही पान उघडेना. आण्णा म्हणाले, “चल, पेटी मोटारसायकलला बांधतो, तालुक्याला टाकून येतो.” तालुक्याला टाकली म्हणजे आठ दिवस गेलेच. आणि फॉर्म राहिला असता तर ताईची वर्षाची फी कशी भरायची, हाच घोर घरात होता. आई तर काहीच बोलत नव्हती.

मी म्हणाले, “आधी आजीच्या रीतीने बघू.” मोबाइल वायफायवर लावला, तो चालला. म्हणजे केबल चांगली, राउटर चांगला. संगणकाची वायर काढून पुन्हा बसवली, टक झाले. राउटरला पिंग केले, ओ आली. ८.८.८.८ नेही ओ दिली. नावानेही ओ आली. म्हणजे रस्ता शेवटपर्यंत मोकळा होता! मग पान का उघडत नाही? ताईने पडद्यावरचा निरोप नीट वाचला. त्यात घड्याळाविषयी काहीतरी लिहिले होते. आम्ही खाली कोपऱ्यात बघितले, तर तारीख होती १ जानेवारी २०१०. मी तर तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते!

त्याचे कारण असे. संगणकाच्या आत रुपयासारखा गोल सेल असतो. वीज गेली तरी त्याच्यावर घड्याळ चालत राहते. सेल संपला की तारीख मागे जाते. आणि पैशांची, फॉर्मची पाने उघडण्याआधी संगणक त्यांचे ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. आपला संगणक २०१० सालात बसला असेल तर त्याला वाटते, हे ओळखपत्र अजून सुरूच झाले नाही. म्हणून तो दार उघडत नाही. तो आपले रक्षणच करत असतो, फक्त त्याचे घड्याळ चुकलेले असते.

ताईने तारीख आणि वेळ बरोबर केली. पान उघडले. फॉर्म त्याच रात्री भरला गेला. सेल पुढच्या बाजारच्या दिवशी आणला. संगणकाचा प्लग काढून ठेवून आण्णांनी तो बसवला. तालुक्याची फेरी वाचली.

पहिल्या दिवसाचा बिघाड

एक गंमत सांगते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला पहिला निरोप पाठवला. चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करत होता. एक एक अक्षर पाठवून तो टेलिफोनवर विचारत होता, पोचले का? ‘एल’ पोचले, ‘ओ’ पोचले आणि तिकडचा संगणक बंद पडला! काही वेळाने दुरुस्ती झाली आणि पूर्ण निरोप गेला. म्हणजे या कामात बिघाड पहिल्या दिवसापासून आहे आणि एक एक पायरी तपासण्याची रीतही पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले.

हे करू नये

१. काचेच्या केबलच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नये. त्यातला उजेड आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेचे तुकडे हातात घेऊ नयेत.
२. राउटरच्या बारीक भोकात टाचणी घालू नये. तिथे रीसेटचे बटण असते. त्याने जोडणीची भरलेली माहिती पुसली जाऊ शकते.
३. एकदम चार गोष्टी बदलू नयेत. एक बदलावी, बघावे, वहीत लिहावे. नाहीतर कशाने सुरू झाले ते कळतच नाही.
४. “तुमचे इंटरनेट सुरू करून देतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर काहीही सांगू नये. पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे. पालकांनी हा नंबर जरूर लिहून घ्यावा.
५. वीज कडाडत असेल तर वायरींना हात लावू नये. प्लगचे आणि पेटी उघडायचे काम मोठ्यांनीच करावे.

स्वाध्याय

प्रश्न १. मोबाइल वायफायवर चालतो, संगणक चालत नाही. दोष कोणत्या टप्प्यांत शोधाल?
प्रश्न २. राउटरवर लाल दिवा लुकलुकतो. तुम्ही संगणक दुरुस्तीला न्याल का? का नाही?
प्रश्न ३. संगणकाचा नंबर १६९.२५४ ने सुरू होतो. कोणाने कोणाला नंबर दिला नाही?
प्रश्न ४. घरी जाऊन इंटरनेटच्या पाच टप्प्यांचे चित्र काढा. आपल्या घरातली केबल कुठून आत येते ते शोधून त्यात दाखवा.

उत्तरे : १) पहिल्या व दुसऱ्या. २) नाही, दोष बाहेरच्या केबलमध्ये आहे. ३) राउटरने संगणकाला. चौथ्याचे उत्तर प्रत्येकाच्या घरी वेगळे येईल. ते सोमवारी वर्गात घेऊन यावे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी