परमुलखातील पाळणा

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिवाळा सुरू झाला, की पूर्व विदर्भातील तलावांवर दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरू लागतात. त्यांत पट्टकदंब नावाचे करड्या रंगाचे हंस असतात. डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे ते चटकन ओळखू येतात. उन्हाळ्यात ते तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी घरटी करतात व थंडी पडू लागली, म्हणजे हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. शिशिर सरला, की ते पुन्हा परततात. त्यांची पिले त्यांच्या मायभूमीतच जन्म घेतात आणि तेथल्याच पाण्यात पोहावयास शिकतात.

त्याच तिबेटातून माणसेही या मुलखात आली. त्यांना मात्र परत जाता आले नाही. त्यांची लेकरे येथेच जन्मली, येथेच रांगली आणि येथेच बोलू लागली. परक्या देशात तान्ह्या मुलाला वाढवणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगाव व प्रतापगड या गावांच्या परिसरात नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. इटियाडोह धरण तेथून जवळ आहे. सभोवती धानाची शेते आणि साग-मोहाची राने आहेत. ही वसाहत 1972 साली वसली, तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. पुढे 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला आणि वसाहत त्या जिल्ह्यात गेली. तरीही तिबेटी लोकांत ती अजून 'भंडारा' याच नावाने ओळखली जाते.

ही माणसे येथे कशी आली? तिबेट हा जगातील सर्वांत उंच पठारी प्रदेश आहे. त्याची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून 4000 मीटरांहून अधिक आहे. 1950 साली चिनी सैन्य तिबेटात शिरले. मार्च 1959 मध्ये ल्हासा या राजधानीच्या शहरात उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि तिबेटी लोकांचे धर्मगुरू दलाई लामा हिमालय ओलांडून 31 मार्च 1959 रोजी भारतात पोहोचले. त्यांच्यामागून सुमारे 80,000 माणसे आली. कित्येक मातांच्या पाठीला मुले बांधलेली होती.

प्रारंभीचे दिवस फार हालाचे होते. पुष्कळ निर्वासितांनी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर मजुरी पत्करली. आईबाप दगड फोडीत आणि लहान मुले रस्त्याच्या कडेला धुळीत बसून राहत. आजाराने अनेक मुले दगावली. तेव्हा दलाई लामा यांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी धर्मशाळा येथे अशा मुलांसाठी बालगृह सुरू केले. 17 मे 1960 रोजी जम्मूकडील रस्त्यांच्या कामांवरून 51 मुलांची पहिली तुकडी तेथे आली. त्सेरिंग डोल्मा यांच्यानंतर 1964 साली त्यांच्या धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते कार्य हाती घेतले व ते पुढे अनेक वर्षे चालविले. त्यातूनच 'तिबेटी बालग्राम' ही संस्था वाढली.

पुढे भारत सरकारने व निरनिराळ्या राज्यांनी या लोकांना वसाहतींसाठी जमिनी दिल्या. कर्नाटकात बैलकुप्पे व मुंडगोड, आणि आज छत्तीसगडमध्ये असलेले मैनपाट येथे 1960 नंतरच्या दशकात वसाहती उभ्या राहिल्या. त्याच मालिकेत आपल्या महाराष्ट्रातील नोर्ग्येलिंग होय.

आता क्षणभर अशी कल्पना करा, की 1972 सालच्या त्या नव्या वसाहतीत एक आई आपल्या दीड वर्षाच्या बाळाला घेऊन उतरली आहे. तिच्या सासूने चार मुले वाढवली आहेत. पण ती सारी थंड पठारावर. बाळाला लोकरीत कसे गुंडाळावे, वाऱ्यापासून कसे जपावे, हे तिला उत्तम ठाऊक आहे. येथे मात्र वैशाख-ज्येष्ठात पारा 40 अंशांच्या वर जातो. लू वाहू लागते. रात्रीही भिंती तापलेल्या असतात. ज्या ज्ञानाच्या बळावर तिने मुले वाढवली, तेच ज्ञान येथे अपुरे पडते. उन्हात निघताना बाळाच्या कानांवरून दुपट्टा घ्यावा, कैरीचे पन्हे पाजावे, दारावर ओला पडदा सोडावा, या गोष्टी ज्या मातीत राहावयाचे तेथल्याच शेजाऱ्यांकडून शिकाव्या लागतात. परमुलखात मूल वाढवताना थोरांनाही पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे लागते.

परंतु सारेच काही परके नसते. तिबेटी लोकांचे आवडते अन्न म्हणजे 'त्साम्पा'. हे भाजलेल्या जवाचे पीठ होय. मीठ व लोणी घातलेल्या चहात ते कालवून खातात. आपल्याकडील सातूच्या पिठाचे ते सख्खे भावंडच म्हणावयाचे! त्यांच्या नववर्षाच्या सणाला 'लोसार' म्हणतात. तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या वेळी घरोघरी 'खाप्से' नावाचा तळलेला पदार्थ करतात. तो पाहिला, की आपल्या शंकरपाळ्यांची आठवण होते. तिबेटी आई मुलाला कापडाने पाठीशी बांधून कामे करते, तर आपल्याकडील रोवणी करणारी बाई बांधावरच्या झाडाला झोळी टांगून त्यात मुलाला निजवते. रीती दोन, परंतु हात कामात आणि जीव लेकरात, ही गोष्ट दोघींचीही एकच.

मुलांच्या नावांची गंमत तर पाहा. तिबेटी लोकांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल आहे. सोमवारी जन्मलेल्या मुलाचे नाव 'दावा', रविवारी जन्मलेल्याचे 'न्यिमा', शुक्रवारी जन्मलेल्याचे 'पासांग'. 'दावा' म्हणजे चंद्र आणि 'न्यिमा' म्हणजे सूर्य. आपल्या सोमवारातील सोमही चंद्रच आणि रविवारातील रवी म्हणजे सूर्यच! आपल्या खेड्यांतही सोमा, बुधा अशी नावे आढळतातच.

याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. तिबेटी लिपी सातव्या शतकात तयार झाली. राजा सोंगत्सेन गाम्पो याने थोन्मी सांभोट नावाच्या विद्वानाला भारतात पाठविले आणि त्याने येथल्या लिपीवरून ती रचली, अशी परंपरा आहे. तिबेटी मूल पाटीवर जी 30 अक्षरे गिरवते, त्यांचा आरंभ 'क, ख, ग' असाच होतो. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या देशातून हिमालयापलीकडे गेलेली अक्षरे तिबेटी आजीच्या झोळीतून पुन्हा आपल्या दाराशी आली!

आता त्या बाळाच्या बोलण्याकडे वळू. तिबेटीत आईला 'आमा' म्हणतात. आदराने बोलताना 'आमा-ला' म्हणावयाचे. तेथील 'ला' म्हणजे आपला 'जी'च होय. आजीला 'मो-ला', आजोबांना 'पो-ला' म्हणतात. घरात मूल पाण्याला 'छु' म्हणते, उंबऱ्याबाहेर आले की तेच पाणी मराठीत 'पाणी' होते आणि झाडीबोलीत 'पानी'. शाळेत हिंदी व इंग्रजी येते. जे मूल अजून नीट चालावयासही शिकलेले नाही, त्याच्या कानांवर इतक्या भाषा पडतात! मूल गोंधळून जाईल, असे कोणास वाटेल. परंतु लहान मुलाचे मन मोठे चतुर असते. कोणाशी कोणते शब्द बोलावयाचे, हे ते आपसूक उमजून घेते. कधी एका वाक्यात दोन भाषा मिसळते, पण मोठे होता होता त्या वेगळ्या करते. मातृभाषेचा पाया पक्का असेल, तर तिच्यावर दुसरी भाषा उभारावयास अडचण येत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. भाषा मुलाच्या कानी घालावयास घरातील माणसे घरी असावी लागतात. वसाहतीत शेती आहे. पण केवळ तिच्यावर अनेकांचे भागत नाही. म्हणून थंडीच्या आरंभी पुष्कळ तिबेटी स्त्रीपुरुष लोकरीचे कपडे विकण्यासाठी निरनिराळ्या शहरांत जाऊन दुकाने मांडतात. हिवाळ्यात शहरात ज्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो, त्यांतील कित्येकांची लहान मुले त्या वेळी दूर वसाहतीत आजी-आजोबांजवळ असतात. ज्या मातेच्या हातून दुसऱ्यांच्या लेकरांना ऊब मिळते, तिचे लेकरू त्या महिन्यांत तिच्या कुशीत नसते. मात्र या विरहातून एक चांगली गोष्टही घडते. आजीच्या मांडीवर बसून मूल जुनी तिबेटी भाषा ऐकते, तिचे जप ऐकते, न पाहिलेल्या बर्फाच्या डोंगरांच्या कथा ऐकते. आईबाप पोट चालवतात, तर आजी-आजोबा भाषा जगवतात.

मांडीवरची भाषा सुटली, तर काय होते? याचे उत्तर आपल्याच बांधवांच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकात कोकणातील अनेक मराठी माणसे मजुरीसाठी मॉरिशस बेटावर गेली. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव व देवदेवक निष्ठेने जपले. परंतु ऊसमळ्यांच्या त्या बेटावर घरातील बोली हळूहळू क्रिओल झाली. आज तेथील मुले मराठी शिकतात, ती बहुधा शाळेच्या बाकावर बसून. पुस्तकातून भाषा परत मिळवता येते, यात शंका नाही. पण मांडीवर जी फुकट मिळते, तीच पुढे फार कष्टाने मिळवावी लागते. हे ओळखूनच अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी अनेक शहरांत मुलांसाठी मराठी शाळा चालविल्या आहेत. 1981 साली स्थापन झालेल्या तेथील बृहन्महाराष्ट्र मंडळाचा या कार्याला मोठा आधार आहे. तेथील मराठी आजी सुट्टीच्या दिवशी नातवाला 'अ आ इ ई' शिकवते, तेव्हा गोठणगावजवळची तिबेटी आजी नातवाला 'क ख ग' शिकवीत असते. दोघींची चिंता एकच असते.

तथापि या दोघींच्या स्थितीत एक मोठे अंतर आहे. मराठी आजीला आपला देश आहे. मनात आले, तर ती नातवाला घेऊन आपल्या गावी येऊ शकते. तिबेटी आजीला तसे करता येत नाही. वसाहतीतील काहींनी भारताचे नागरिकत्व घेतले आहे; परंतु अनेकांजवळ परदेशी म्हणून नोंद झाल्याचे प्रमाणपत्रच असते आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. ज्याने तिबेट कधी पाहिला नाही, ज्याने डोळे उघडले ते धानाच्या शेतात, तो कागदावर मात्र परदेशीच राहतो! मग त्याचा देश कोणता? त्याच्या आजीने सांगितलेला, की त्याच्या पायांना ठाऊक असलेला? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. कदाचित मोठेपणी तो म्हणेल, की दोन्ही माझेच.

अलीकडे आणखी एक बदल होत आहे. भारतातील तिबेटी वसाहतींतून पुष्कळ तरुण माणसे शिक्षणासाठी व कामासाठी मोठ्या शहरांत, तसेच युरोप-अमेरिकेत जात आहेत. जे एकदा परमुलखात वाढले, त्यांच्या मुलांचा पाळणा आता आणखी दूर हलतो आहे. त्या नव्या देशात 'आमा' हा शब्द टिकेल का, हे कोणत्याही सरकारी कागदावर नव्हे, तर घरातील माणसांच्या ओठांवर अवलंबून राहील.

मित्रांनो, परका पाळणा पाहावयाला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. धानाची कामे आटोपली, की आपल्याच जिल्ह्यातील कित्येक मजूर कुटुंबे कडेवर मूल घेऊन परप्रांतात कामाला जातात. तसेच परप्रांतातील कुटुंबे आपल्या गावाजवळच्या वीटभट्टीवर येऊन राहतात. त्यांचे मूल उद्या तुमच्या वर्गात येऊन बसेल. ते चुकतमाकत मराठी बोलू लागेल, तेव्हा त्याला हसू नका. त्या मुलाला तुमच्यापेक्षा एक भाषा अधिक येत असते. त्याला तुमचा एक शब्द द्या आणि त्याचा एक शब्द मागून घ्या. पट्टकदंब पक्ष्यांना आपण तलावाचे पाणी देतो, त्याबद्दल काही मागत नाही. मग लेकरांना आपल्या अंगणात खेळावयास जागा देताना आपण कशाला हिशेब ठेवावा?

स्वाध्याय

1. पट्टकदंब पक्षी आणि तिबेटी निर्वासित यांच्या भारतात येण्यात कोणता फरक आहे?

2. 'परमुलखात मूल वाढवताना थोरांनाही पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे लागते.' असे लेखक का म्हणतो?

3. तिबेटी आणि मराठी लोकांच्या चालीरीतींत कोणती साम्ये तुम्हांस आढळली? चार साम्ये लिहा.

4. 'आईबाप पोट चालवतात, तर आजी-आजोबा भाषा जगवतात.' या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मायभूमी, निर्वासित, उंबरा, विरह, आपसूक.

6. तुमच्या गावात दुसरी भाषा बोलणारे कुटुंब असल्यास त्यांना भेटा. आई, पाणी, भात, ये व बस या शब्दांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात, ते विचारून वहीत लिहा.